तुरफोसाआजीचे पोट आणि धाकटीची कोंबडी

आमच्या कोबुरा गावात रविवारची प्रार्थना कधी संपवायची हे पाद्रीबाबांच्या हातात नव्हते. ते तुरफोसाआजीच्या पोटाच्या हातात होते. पाद्रीबाबा प्रवचनात इस्राएलाच्या लेकरांना मिसरातून बाहेर काढून समुद्राकाठी आणत, आणि तेवढ्यात पुढच्या बाकावरून गुर्रर्र असा आवाज येई. पहिला आवाज लहान असे. त्याचा अर्थ, आवरते घ्या. दुसरा आवाज कुणी घरात जड पेटी ओढत असल्यासारखा. तो आला की पाद्रीबाबा लेकरांना समुद्राकाठीच सोडून 'आमेन' म्हणत आणि आम्ही घरी जेवायला जात असू. एकदा किसुमूहून बिशपसाहेब आले होते. त्यांना ही पद्धत ठाऊक नव्हती, ते बोलतच राहिले. शेवटी मंडळींनी आपापसातच आमेन म्हणून टाकले आणि सगळे बाहेर पडले. बिशपसाहेब हात वर केलेल्या अवस्थेत आत एकटेच उरले.

हसत कुणी नसे. आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे की माणूस पोटात आपला जंत घेऊनच जन्माला येतो. तोच अन्न दळतो, तोच भूक लागली की मागतो, आणि चिडला तरच दुखवतो. तो नसेल तर खाल्लेली उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, पोटात दगड होऊन बसेल. मी सातवीला विज्ञान शिकवतो. पोटातला आवाज हवेचा आणि आतड्यांचा असतो, हे मी फळ्यावर चित्र काढून सांगतो. मुले परीक्षेत तसेच लिहितात, मार्क घेतात आणि घरी जाऊन आजीच्या पोटाला कान लावतात. या गावात विज्ञान शिकवायचे म्हणजे डोके फिरायची वेळ येते. माझे तर मुळातच लवकर फिरते.

तुरफोसा ही ओबुराची पहिली बायको. आलेगो भागातून लग्न होऊन आली तेव्हा झिपरी पोरगी होती म्हणतात. ओबुराचे घर गावात थोरले, आणि जवळच्या सरोवरावर त्याची होडी होती. पुढे त्याने दुसरी केली, प्लिस्टा. दोघींच्या झोपड्या एकाच अंगणात, थोरलीची फाटकासमोर, धाकटीची बाजूला. भांडण रोजचे, पण एका बाबतीत प्लिस्टाला तोंड उघडायची सोय नव्हती. पेरणी. आमच्यात थोरलीने पहिली मूठ टाकल्याशिवाय धाकटी बियाण्याला हात लावत नाही, आणि थोरल्या घराची पेरणी झाल्याशिवाय धाकटी घरे थांबतात. क्रम मोडला तर बाधा होते, आणि ती मोडणाऱ्याच्या लेकराबाळांवर येते. एका वर्षी तुरफोसाचा पाय मोडला. अख्खे गाव बी घेऊन थांबले होते. शेवटी तिला खाटेसकट उचलून शेतात नेले. तिने झोपल्या झोपल्या मूठभर मका टाकला आणि म्हणाली, "हं, आता करा." प्लिस्टा तिथेच ओच्यात बी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "ही मेली ना, तरी खड्ड्यातून हात बाहेर काढून पहिली मूठ हीच टाकेल."

मग ओबुराची होडी एका वादळात गेली. माणूस सापडला नाही. ज्याचे प्रेत मिळत नाही त्याच्या जागी आम्ही यागो झाडाचे लांबोडके फळ पुरतो, तसे त्याच्या जागी अंगणात पुरले. दोन्ही बायका त्या फळावर पडून रडल्या. तेव्हापासून तुरफोसाच्या घरात ती आणि नात अकेयो, दोघीच. अकेयोचे आईबाप नैवाशाला फुलांच्या मळ्यात कामाला असतात.

आता या अकेयोबद्दल सांगतो. माझ्या शाळेत तिसरीला होती, आणि तिसरीचा वर्गशिक्षकही मीच. हातपाय काड्या, पोट पुढे आलेले, आणि झोप. सकाळी हजेरीला 'हजर' म्हणायची आणि तिथेच बाकावर डोके टेकायची. जेवणाच्या सुट्टीत मका-घेवड्याची उकड मिळते, ती ही शेजारच्या पोरांना वाटून टाकायची. खायची काय, तर भिंत. होय, भिंत. आमच्या शाळेच्या भिंती मातीच्या आहेत. तिच्या बाकाजवळ भिंतीला आधी एक खळगा पडला, मग कोनाडा झाला, आणि एके दिवशी त्यातून चौथीचा वर्ग दिसायला लागला. मुख्याध्यापकांनी मला विचारले, "मास्तर, तुमच्या वर्गातली विद्यार्थिनी शाळा खातेय, तुमचं लक्ष कुठं असतं?"

मी तिला दवाखान्यात घेऊन जायला तुरफोसाला भाग पाडले. नर्सने पोरीची पापणी खाली ओढून पाहिली. आत पांढरेफटक.

"हिचं रक्त कुठं गेलं आजी?" नर्स म्हणाली. "जंत पितायत. पुढच्या आठवड्यात शाळेत गोळ्या येतायत. ती घेऊ द्या, वर हे लाल औषध द्या. नाहीतर एक दिवस ही झोपेल ती उठायची नाही."

घरी येताना तुरफोसा रस्त्यात मला म्हणाली, "मास्तर, पोरीचे वाईट निघाले असतील. सगळे काही तसे नसतात. आमच्याकडचा बघा, जन्मात कधी वाईट वागला नाही." आणि तिच्या पोटाने तेवढ्यात हुंकार भरला. मी चालण्याचा वेग वाढवला.

ठरल्या दिवसाआधी मकोखा नावाचा आरोग्य खात्याचा तरुण माणूस मोटरसायकलवरून आला. शाळेच्या आंब्याखाली सभा भरली. मकोखाने जंताचे मोठे रंगीत चित्र टांगले. बायकांनी ते कौतुकाने पाहिले. "चांगला धष्टपुष्ट आहे," कुणीतरी म्हणाले. मकोखाने गोळी दाखवली, चावून खायची, दुखत नाही, फुकट आहे, सगळे सांगितले. मग शंका विचारा म्हणाला.

गावातले सर्वांत वडीलधारे झाब्लोनबाबा काठीवर भार देऊन उठले. "गोळी कुठल्या घरापासून सुरू होणार?"

"पहिलीच्या वर्गापासून," मकोखा म्हणाला.

झाब्लोनबाबांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "लेका, पहिलीच्या वर्गात कुणाचीही पोरं असतात. धाकट्या घराची, थोरल्या घराची, सगळी खिचडी. जी वस्तू सगळ्या घरांत एकदम जाते ती थोरल्या घरापासून जाते. बी तसंच जातं, नवा मका तसाच जातो. तुझी गोळी काय आभाळातून पडली?"

"अहो बाबा, ही पेरणी नाहीय."

"पेरणी नाही, उपटणी आहे. म्हणजे उलट जास्त जपायला हवं."

लोकांनी माना डोलावल्या. कोबुरात थोरले घर ओबुराचे. ओबुराच्या घरात थोरली तुरफोसा. तेव्हा तुरफोसाने पहिली गोळी घ्यायची, मग बाकीच्यांची पोरे. ती घेणार नसेल तर गावात कुणीच नाही. मकोखाने माझ्याकडे आशेने पाहिले. मी विज्ञानाचा शिक्षक ना. पण माझा थोरला भाऊ पेरेपर्यंत माझे शेतही तसेच पडून असते, माझीही लेकरे आहेत. मी खिशातून रुमाल काढून तोंड पुसले.

"पण माझ्याकडच्या गोळ्या फक्त विद्यार्थ्यांसाठी आहेत!" मकोखा रडकुंडीला आला. "आजी काय विद्यार्थिनी आहे?"

"मग करा," झाब्लोनबाबा म्हणाले आणि खाली बसले.

आमच्या मुख्याध्यापकांना नियमाचे भारी प्रेम. त्यांनी तुरफोसाआजीला पहिलीत दाखल करून घेतले. आणि दाखल केले म्हटल्यावर गणवेश हवा म्हणून अडून बसले. तिच्या अंगाला बसेल असा निळा स्वेटर शाळेत कुणाकडे असणार? शेवटी आठवीतल्या एका आडदांड मुलाचा आणला. दुसऱ्या दिवशी आजी तो घालून पहिलीच्या बाकावर येऊन बसली आणि बाईंना म्हणाली, "शिकवा. पण ओरडायचं नाही, मला सवय नाही."

गोळी घेते असे मात्र तिने कबूल केले नव्हते. आधी सगळ्यांना हाकलून लावले. पाद्रीबाबा गेले, पोरांच्या आया गेल्या, मुख्याध्यापक गेले. मी गेलो तेव्हा ती दारात बसून घेवडा निवडत होती.

"मास्तर, तुम्ही शिकलेले. सांगा, नवरा गेला. पोरगा लांब. पोरगी जेवत नाही. या घरात माझ्याकडे जेवायला मागणारं दुसरं आहे कोण? तुम्ही आवाज म्हणता, मी सोबत म्हणते. त्याला बाहेर काढू?"

"आणि अकेयो?" मी विचारले.

तिने एक किडका दाणा उचलून अंगणात फेकला. मग म्हणाली, "घेते. उद्या शाळेत बघा." मला वाटले, म्हातारी वळली. तिच्या डोक्यात काय शिजत होते ते मला काय ठाऊक! तिचा हिशोब असा की क्रम हा लोकांच्या डोळ्यांसाठी असतो. लोकांनी आपल्याला गोळी घेताना पाहिले की झाले. पोरीला गोळी मिळेल आणि पोटातला आपल्या जागी सुखाने राहील.

गोळीच्या दिवशी शाळेत जत्रा भरली होती. गोळी खाणारी पोरे रांगेत, न खाणारी माणसे भोवती. प्लिस्टाने पाहुण्याला द्यायला एक तांबडी कोंबडी आणली होती. मकोखाच्या हातात डबा होता, म्हणून तिने ती आंब्याच्या मुळाशी बांधली. तुरफोसा निळा स्वेटर घालून रांगेत पहिली, तिच्यामागे अकेयो, तिच्यामागे प्लिस्टाचे नातू, आणि मग गावातली बाकीची घरे आपापल्या मानाने. ही रांग लावायला अर्धी सकाळ गेली होती, कारण दोन घरांत कुणाचे आजोबा आधी जन्मले यावर मारामारीची वेळ आली होती.

मकोखाने आजीच्या तळहातावर गोळी ठेवली. तिने तोंडात टाकली, जबडा जोरजोरात हलवला, डोळे मिटले, "आ" करून दाखवले आणि पदर सावरत, म्हणजे तो स्वेटरच सावरत, आंब्यामागे गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अकेयो पुढे झाली, तिने तोंड उघडले. मकोखाचा हात तिच्या तोंडाजवळ पोचला, आणि आंब्यामागून प्लिस्टाची किंकाळी आली.

"थांबा! थांबा! अरे हात मागं घे मेल्या! माझ्या कोंबडीनं गिळली!"

सगळे तिकडे धावले. तुरफोसा ओठ पुसत उभी होती. कोंबडी चोच आपटत होती. प्लिस्टाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. थोरलीने गालातून गोळी काढून थुंकली आणि कोंबडीने ती तिथल्या तिथे टिपली.

"हे काय केलंत थोरल्या बाई?" प्लिस्टा म्हणाली. आणि मग तिच्या चेहऱ्यावर जे आले ते मी कधी विसरणार नाही. ती हळूहळू हसायला लागली. "म्हणजे माझ्या घराचं आधी झालं! अख्ख्या जन्मात पहिल्यांदा! तुमच्या आधी माझी कोंबडी!"

"कोंबडी म्हणजे घर का गं धाकटे?"

"माझ्या घरात अंडी घालते, माझ्या घरात झोपते. मग काय बिशपची आहे?"

इतके बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आले. क्रम मोडला तो तिच्या घराने. बाधा यायची ती तिच्या नातवांवर. तिने जमिनीवर बसकण मारली आणि छाती बडवायला सुरुवात केली. रांग मोडली, आयांनी आपापली पोरे ओढून नेली. अकेयो तशीच तोंड उघडे ठेवून उभी होती. तोंड मिटायचे तिला कुणी सांगितलेच नव्हते.

झाब्लोनबाबांसमोर तिथल्या तिथे निवाडा बसला. पहिला प्रश्न, कोंबडी पाहुण्याला दिलेली होती की नव्हती? दिलेली असेल तर परक्या घराने कोबुराची सुरुवात केली, आणि ते तर फारच वाईट.

"माझी नाही! मी हातसुद्धा लावला नाही तिला!" मकोखा मोटरसायकलच्या मागे जाऊन ओरडला.

मग झाब्लोनबाबांनी डोळे मिटले आणि निकाल दिला. गोळी कोंबडीत आहे. कोंबडी कापायची, शिजवायची आणि तुरफोसाने एकटीने खायची. म्हणजे गोळी जिथे जायची तिथे जाईल आणि सगळे जागेवर येईल.

"औषध असं चालत नाही हो बाबा!" मकोखा म्हणाला.

"औषध तू बघ. क्रम आम्ही बघतो."

शाळेच्या मोठ्या पातेल्यात कोंबडी शिजली. शाळाभर रश्श्याचा वास सुटला. तुरफोसा पहिलीच्या बाकावर बसून जेवली आणि अख्खे गाव उपाशीपोटी तिच्याकडे बघत उभे राहिले. ती शेवटचे हाड चोखत होती, आणि तिच्या पोटातून असा काही तृप्त, लांबलचक हुंकार आला की आंब्याखालची कुत्री उठून बसली. आतला मजेत होता. कुठेही गेला नव्हता. झाब्लोनबाबांनी मान हलवली. "नाही झालं," ते म्हणाले, आणि लोक पांगले.

मकोखाने डब्याला झाकण लावले. राहिलेल्या मुलांसाठी तो पुढच्या शुक्रवारी एकदा येणार होता. त्यानंतर एकदम पुढल्या वर्षी. मी तुरफोसाला अद्वातद्वा बोललो. तिने सगळे ऐकून घेतले आणि शेवटी म्हणाली, "कोंबडी चिवट होती."

त्याच आठवड्यात अकेयो पडली. शाळेतून पाणी आणायला पाठवलेल्या मुलींबरोबर होती, वाटेतच खाली बसली आणि आडवी झाली. मी तिला उचलून घरी नेले. तिच्या अंगात वजन म्हणून काही नव्हते, आणि मला, का कोण जाणे, तिचाच राग येत होता. तुरफोसाने तिला चटईवर घेतले, तोंडावर पाणी मारले. पोरीने डोळे उघडले.

"काय खाशील?" आजीने विचारले. "सांग गं बाय माझी. मासा आणू? अंडं? भात करू? जे म्हणशील ते करते."

बाजूला चुलीवर उगाली शिजत होती, आणि तिच्या वासाने आजीच्या पोटाने आपले नेहमीचे मागणे सुरू केले. गुर्रर्र. अकेयोने तिकडे मान वळवली.

"मला नको आजी," ती म्हणाली. "तो मागतोय बघ. त्याला दे माझं."

तुरफोसाने वाकून स्वतःच्या पोटावर एक सणसणीत चापट मारली. "गप! एकदम गप! माझ्या पोरीच्या तोंडातलं मागतोस? लाज नाही वाटत?" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते. पोट थोडा वेळ गप्प बसले आणि पुन्हा गुरगुरले. मला तिथे थांबवेना. मी बाहेर येऊन धान्याच्या कणगीजवळ उभा राहिलो आणि नाक शिंकरले.

शुक्रवारी मकोखाची मोटरसायकल शाळेत शिरली तेव्हा तुरफोसा निळा स्वेटर घालून आधीच आंब्याखाली उभी होती. पाठीवर अकेयोला फडक्यात बांधून आणले होते, तान्ह्या पोरीला बांधतात तसे. गाव जमलेच. प्लिस्टाही आली, या खेपेला कोंबडीशिवाय.

तुरफोसाने गोळी तोंडात टाकली आणि चावली. या वेळी तिचा चेहरा खरोखर वाकडा झाला. मग ती सरळ प्लिस्टासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने तोंड उघडले. "बघ धाकटे. नीट बघ."

प्लिस्टाने बाह्या मागे सारल्या आणि बोट घालून जिभेखाली, दोन्ही गालांत, टाळूला, सगळीकडे तपासले. थोरलीने त्या वेळी बोट चावले की नुसते तोंड मिटले, यावर दोघींचे अजून एकमत नाही. "गिळली!" प्लिस्टा बोट झटकत ओरडली. "खरंच गिळली हो!"

मग अकेयोने घेतली. मग रांगेतल्या सगळ्या पोरांनी घेतली. माझ्या दोघांनीही घेतली.

पुढचे फार सांगण्यासारखे नाही. दोन दिवसांनी तुरफोसा शाळेच्या संडासात गेली, कारण ती आता विद्यार्थिनी होती आणि तो तिचा हक्क होता. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. "गेला," एवढेच म्हणाली. त्या दिवसापासून तिच्या पोटातून आवाज यायचा बंद झाला. याचे वैज्ञानिक कारण माझ्याकडे नाही. ती धड जेवतच नव्हती हे एक कारण असेल. त्या रविवारी पाद्रीबाबांनी लेकरांना समुद्राकाठी आणले, समुद्र ओलांडवला, रानात फिरवले, आभाळातून पडलेला मान्ना खाऊ घातला, आणि तरी कुठूनच आवाज येईना. ते सारखे पुढच्या बाकाकडे बघत होते. थांबायचे कसे हे त्यांना कळत नव्हते. ऊन कलायला लागले तेव्हा एक बाई चक्कर येऊन पडली आणि तिच्या निमित्ताने आमेन झाले.

तुरफोसा दारात बसून राहायची. अकेयोला लाल औषध पाजायची, तिच्यासाठी रांधायची, स्वतः काही खायची नाही. "कुणासाठी खाऊ?" म्हणायची. वर तिला एक वेगळेच दुःख होते. आपल्या घरातला जीव घराबाहेर, शाळेच्या संडासात गेला. त्याला घरची माती मिळाली नाही.

एके दिवशी प्लिस्टा कुदळ घेऊन अंगणात आली. काखेत यागोचे एक फळ होते, हातभर लांब. तिने ओबुराच्या फळाशेजारी खड्डा खणला. आमच्यात गेलेल्याचे गुण मोठ्याने सांगायची रीत आहे. प्लिस्टा खड्ड्याच्या काठावर उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली:

"बाबा रे, तू फार सोसलंस! एवढी वर्षं हिचं बोलणं आतून ऐकलंस. मी बाहेरून ऐकते तर कान किटतात. कधी हिच्यावर हात उचलला नाहीस. पाद्रीबाबांना तू आवरलंस, बिशपला तू आवरलंस, हिला मात्र तुलाही आवरता आलं नाही!"

तुरफोसा आधी रडत होती. मग तिचे खांदे वेगळ्याच प्रकारे हलायला लागले, आणि ती अशी हसली की भिंतीला टेकावे लागले. "मेली धाकटी," ती म्हणाली, "माझ्या मयताला हिला बोलू देऊ नका." त्या दिवशी ती प्लिस्टाच्या चुलीपाशी जेवली. मीही तिथेच होतो. ओमेना मासळी होती, जरा खारट झाली होती.

यानंतर बरेच आठवडे मी त्यांच्याकडे फिरकलो नाही. मग एका दुपारी मला जावे लागले, आणि तेही भांडायला.

झाले असे की माझ्या बायकोने मला डब्यात तळलेला न्गेगे मासा आणि उगाली दिली होती. असा मासा रोज मिळत नाही. सकाळपासून माझे लक्ष त्या डब्यात होते. सुट्टीत डबा उघडला तर आत काटे. नुसते काटे, व्यवस्थित रचून ठेवलेले. आणि अख्खा वर्ग अकेयोकडे बघत होता. तिचे ओठ तेलाने चकचकीत होते.

मी तरातरा तुरफोसाच्या अंगणात शिरलो. ती सुपात मका पाखडत होती.

"तुमच्या नातीनं माझा डबा खाल्ला!" मी ओरडलो.

तिच्या हातातले सूप थांबले. "काय?"

"डबा! माझं जेवण! चोरून!"

"काय होतं डब्यात?"

"मासा होता. तळलेला न्गेगे."

"सगळा खाल्ला?"

"सगळा! डोकंसुद्धा! डोळेसुद्धा काढून खाल्ले!"

"आणि उगाली?"

"उगालीचा कण ठेवला नाही! वर मी विचारलं तर मला म्हणते, मास्तर, मीठ कमी होतं!"

तुरफोसा सूप खाली ठेवून उठली. मला वाटले, आता पोरीला हाक मारून चार ठेवून देईल. कणगीमागे अकेयोचा फ्रॉक दिसतच होता. पण तुरफोसा धाकटीच्या झोपडीकडे वळली आणि असा आवाज दिला की पार सरोवरापर्यंत गेला असेल.

"धाकटे! अगं धाकटे, हातातलं टाक आणि ये! मास्तर तक्रार घेऊन आलेत!"

प्लिस्टा ओले हात पुसत धावत आली. तुरफोसाने माझ्यासाठी स्टूल आणले, पदराने पुसले आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"बसा मास्तर. आता हिला सांगा. सगळं सांगा."

"काय सांगू? माझ्या पोटात सकाळपासून अन्न नाही!"

"देते, जेवायला देते, चहा देते. आधी सांगा. पोरीनं काय काय खाल्लं ते."

दोघी म्हाताऱ्या माझ्याकडे तोंड वर करून बघत होत्या. कणगीमागे कुणीतरी खुदकन हसले. मी मासा म्हणून सुरुवात केली, तर तुरफोसाने मला अडवले. डोळे पुसायचेही तिला भान नव्हते.

"असं नाही मास्तर. डोक्यापासून सांगा."

मी स्टुलावर बसलो आणि डोक्यापासून सांगितले.